दराचा लिफाफा शेवटी उघडतो

काम हातचं गेलं की वाळूजच्या एमआयडीसीत एकच कारण ऐकू येतं : "दुसऱ्याने रेट पाडला." कधी ते खरंही असतं. पण सरकारी निविदेत पुष्कळदा हरलेल्या माणसाचा दर कुणी पाहिलेलाच नसतो. त्याची बोली पहिल्याच लिफाफ्यात बाद झालेली असते. ज्या लिफाफ्यासाठी रात्ररात्र बसून आकडेमोड केली, तो पोर्टलवर बंदच राहतो.

खरेदीदार बोली कशी तपासतो हे समजून घ्यायला छत्रपती संभाजीनगर ही सोयीची जागा आहे. इथे खरेदीच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. एकीकडे महापालिका, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग, जीवन प्राधिकरण आणि शेंद्रा-बिडकीनचं ऑरिक हे औद्योगिक शहर. दुसरीकडे 1985 मध्ये बजाज ऑटो वाळूजला आली तेव्हापासून वाढत गेलेलं वाहनउद्योगाचं जाळं : एन्ड्युरन्स, व्हेरॉक आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने. एकाच गावातला उद्योजक सकाळी महाटेंडर्स या सरकारी पोर्टलवर निविदा भरतो आणि संध्याकाळी कंपनीच्या परचेसवाल्याला कोटेशन पाठवतो. दोन्हीकडची कागदपत्रं वेगळी, बोली वेगळी, पण टेबलापलीकडच्या माणसाची अडचण सारखीच असते. तो स्वतःचे पैसे खर्च करत नसतो. तो नोकरीत असतो, त्याला निवडीची टिप्पणी लिहून खाली सही करायची असते, आणि उद्या कुणी विचारलं की "याचीच निवड का केली?" तर उत्तर द्यायचं असतं. महापालिकेत तो प्रश्न लेखापरीक्षक, माहिती अधिकाराचा अर्जदार किंवा हरलेला ठेकेदार विचारेल. कंपनीत प्लँट हेड विचारेल, तेही लाइन थांबलेली असताना.

म्हणून खरेदीदार पहिल्यांदा सगळ्यात चांगला पुरवठादार शोधायला बसत नाही. ज्यांच्यावर सही करणं धोक्याचं आहे, त्यांना तो आधी बाजूला काढतो. दर त्यानंतर येतो.

सरकारी पद्धतीत हा क्रम लिफाफ्यांनीच पक्का केलेला आहे. कामं आणि मोठी खरेदी सहसा दोन लिफाफ्यांत मागवली जाते. पहिल्या, तांत्रिक लिफाफ्यात पात्रतेची कागदपत्रं. दुसऱ्यात फक्त दर. आता लिफाफे कागदाचे नाहीत, डिजिटल सहीने कुलूपबंद केलेल्या फायली आहेत, पण नाव तेच राहिलं. ठरलेल्या दिवशी पहिला उघडतात. मग कार्यालयातला कनिष्ठ अभियंता किंवा लिपिक एक लांबलचक तुलनात्मक तक्ता करतो. आडव्या ओळीत बोलीदार, उभ्या रकान्यांत निविदेतली प्रत्येक अट : बयाणा रक्कम, पॅन, जीएसटी, ठेकेदार नोंदणीचा वर्ग, ऐपतदारी प्रमाणपत्र, उलाढाल, केलेल्या कामांचे दाखले, यंत्रसामग्री, शपथपत्र. प्रत्येक चौकटीत "आहे" किंवा "नाही". समितीसमोर जातो तो हा तक्ता. तुमचं रंगीत छापलेलं कंपनीचं माहितीपत्रक बहुधा कुणी उघडतही नाही.

या तक्त्यासाठी बोली लिहायला शिकणं हा माझ्या मते अर्धा धडा आहे. अटी ज्या क्रमाने छापल्या आहेत त्याच क्रमाने कागद लावायचे, प्रत्येकावर अटीचा क्रमांक टाकायचा, फाइलला सुरुवातीला अनुक्रमणिका द्यायची. तक्ता भरणाऱ्याला चौदा नंबरची अट शोधायला दोनशे पानं चाळावी लागली आणि तो कागद त्याच्या नजरेतून सुटला, तर चूक त्याची असली तरी भांडत बसायची पाळी तुमच्यावर येते.

रकान्यांमागचे निकष मनाला येतील तसे नसतात. केंद्रीय दक्षता आयोगाने 2002 मध्ये कामांच्या पूर्वपात्रतेसाठी एक मोजमाप सुचवलं आणि कमीअधिक फरकाने ते देशभर वापरात आहे. मागच्या सात वर्षांत तशाच प्रकारची तीन कामं प्रत्येकी अंदाजित किमतीच्या 40 टक्के, किंवा दोन कामं प्रत्येकी 50 टक्के, किंवा एकच काम 80 टक्के किमतीचं केलेलं असावं. आणि तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित किमतीच्या किमान 30 टक्के असावी. एक कोटीची पाइपलाइन टाकायची असेल तर चाळीस लाखांची तीन कामं दाखवा. इथे "तशाच प्रकारची" या दोन शब्दांवर सगळ्यात जास्त वाद होतात. पाण्याच्या टाकीचं काम हे जलवाहिनीच्या कामासारखं धरायचं का? निविदेत व्याख्या दिलेली असेल तर तीच चालते. दिलेली नसेल तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारून घ्यायचं, म्हणजे उत्तर शुद्धिपत्रकात येतं आणि सगळ्यांना लागू होतं. ही बैठक लोक टाळतात. अटीबद्दल ओरड करायची ती योग्य वेळ असते. लिफाफा उघडल्यावर केलेली ओरड हरलेल्याची ओरड म्हणूनच ऐकली जाते.

उलाढालीच्या दाखल्याचं तर आता घरबसल्या परीक्षण होतं. 1 फेब्रुवारी 2019 पासून सनदी लेखापालाच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर युडीआयएन हा क्रमांक असावा लागतो. तपासणारा तो क्रमांक लेखापाल संस्थेच्या संकेतस्थळावर टाकतो आणि दाखला खरा की बनावट हे त्याला कळतं. क्रमांक नसेल तर दाखला कागदाचा तुकडा ठरतो.

चांगल्या, चालत्या ठेकेदाराला अनपेक्षितपणे बाद करणारा निकष मात्र वेगळाच आहे : बोली क्षमता. सूत्र असं : ए गुणिले एन गुणिले 2, वजा बी. ए म्हणजे मागच्या पाच वर्षांतल्या सगळ्यात चांगल्या एका वर्षात केलेल्या कामांची, आजच्या भावाने वाढवून धरलेली रक्कम. एन म्हणजे नव्या कामाची मुदत, वर्षांत. बी म्हणजे त्याच मुदतीत पार पाडायची हातातली शिल्लक कामं. समजा तुमचं सगळ्यात चांगलं वर्ष चार कोटींचं आहे, नवं काम वर्षभरात संपवायचं आहे, आणि हातात पाच कोटींची कामं आहेत. चार गुणिले एक गुणिले दोन, म्हणजे आठ. त्यातून पाच गेले, उरले तीन कोटी. काम अडीच कोटींचं असेल तर तुम्ही बसता. आता तेच काम नऊ महिन्यांत हवं असेल तर एन होतो पाऊण, गुणाकार येतो सहा, आणि क्षमता उरते एक कोटी. नऊ महिन्यांत हातातली सगळी कामं उरकणार नसतील तर बीसुद्धा थोडा कमी होईल, तरी अडीच कोटींपर्यंत पोचणं अवघडच. मुदत तीन महिन्यांनी आखडली आणि तुम्ही बाद, तेही हाताला भरपूर काम आहे म्हणून! ठेकेदाराला हा अन्याय वाटतो. पण खरेदीदाराच्या खुर्चीतून पाहिलं तर हातातल्या पाच कामांवर मजूर आणि यंत्रं वाटून बसलेला माणूस सहावं काम रखडवणार, ही भीती अगदीच खोटी नाही. या शहराला रखडलेल्या कामांची किंमत नव्याने सांगायला नको. समांतर जलवाहिनीचा खासगी भागीदारीचा करार 2011 मध्ये झाला, 2014 मध्ये शहराचा पाणीपुरवठा त्या कंपनीकडे गेला, 2016 मध्ये महापालिकेने तो करार मोडला. आणि जायकवाडीहून पाणी आणण्याच्या 1,680 कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन व्हायला डिसेंबर 2020 उजाडला.

एखादा कागद राहिला तर? इथे एक बारीक भेद आहे आणि तो माहीत असलेला बरा. केंद्राच्या खरेदी नियमावलीनुसार, बोली उघडण्याच्या तारखेआधीपासून अस्तित्वात असलेला कागद, उदाहरणार्थ 2022 मध्ये पूर्ण केलेल्या कामाचा दाखला, जोडायचा राहिला असेल तर खरेदीदार तो मागवू शकतो. पण बोली उघडल्यानंतर तयार केलेला कागद, नव्याने केलेला भागीदारी करार किंवा नंतर काढलेली बयाण्याची हमी, चालत नाही. मागवायचा की नाही हे खरेदीदाराच्या हातात असतं. तुमचा तो हक्क नव्हे.

आणि आकड्यांच्या चुकीला तर जवळजवळ माफीच नाही. पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जलविद्युत प्रकल्पाच्या निविदेत पटेल इंजिनिअरिंग या मुंबईच्या कंपनीच्या समूहाने दरांच्या तक्त्यात संगणकामुळे वारंवार तीच चूक झाल्याचं सांगून दुरुस्तीची परवानगी मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2001 मध्ये न्यायालयाने दुरुस्ती नाकारली : बोली एकदा उघडल्यावर एकाला आकडे सुधारू दिले तर बाकीच्यांशी केलेली स्पर्धा खोटी ठरते. त्याआधी 1994 च्या टाटा सेल्युलर प्रकरणात याच न्यायालयाने सांगितलं होतं, की न्यायालय निर्णयापर्यंत पोचण्याची रीत तपासेल, निर्णयावर अपील ऐकणार नाही. थोडक्यात, कोर्टात जाऊन ठेका मिळवण्याची आशा बाळगून निविदा भरू नये.

पहिल्या लिफाफ्यातून पार झालेल्यांचेच दर उघडतात. बांधकाम विभागाच्या बी-1 नमुन्यात तुम्ही एकच आकडा भरता, अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के वर किंवा खाली. बी-2 नमुन्यात प्रत्येक बाबीचा दर स्वतंत्र भरायचा असतो. ठेकेदारांच्या बोलण्यात हे "अबव्ह" आणि "बिलो". सगळ्यात कमी दराचा तो एल-वन. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी जणांच्या ध्यानात असतं : फार खाली गेलेला दर पाहून खरेदीदार खूश होत नाही, तो सावध होतो. म्हणूनच ठराविक मर्यादेपेक्षा बिलो गेलेल्याकडून जादा अनामत मागतात आणि दरपृथक्करण, म्हणजे "एवढ्यात कसं करणार ते दाखवा" असा हिशेब मागतात. सिमेंट आणि डांबराचे भाव अधिकाऱ्यालाही ठाऊक असतात. वीस-पंचवीस टक्के बिलो जाऊन घेतलेला रस्ता पहिल्या पावसात कसा दिसतो, हे या शहरातल्या दुचाकीस्वाराला विचारायची गरज नाही. तरीही अशा बोली येतच राहतात आणि स्वीकारल्याही जातात, कारण कमी दर नाकारण्याची टिप्पणी लिहायला जास्त धैर्य लागतं.

दर उघडल्यावर घासाघीस सगळ्यांशी होत नाही. दक्षता आयोगाच्या सूचनांनुसार ती अपवाद म्हणून, आणि झालीच तर फक्त एल-वनशी. त्यामुळे "नंतर थोडं कमी करू" म्हणून दरात हवा ठेवणारा दुसऱ्या क्रमांकावरचा माणूस टेबलापर्यंत पोचतच नाही.

आणखी एक गोष्ट तपासणारा पाहतो, ती कुठल्याच रकान्यात लिहिलेली नसते : हे बोलीदार खरोखर एकमेकांचे स्पर्धक आहेत का? याच शहरात प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरांसाठी निघालेल्या निविदेत, स्पर्धक म्हणवणाऱ्यांनी एकाच आयपी अ‍ॅड्रेसवरून बोली भरल्याच्या आरोपावरून फेब्रुवारी 2023 मध्ये महापालिकेच्या तक्रारीवर गुन्हा नोंदला गेला, आणि मार्चमध्ये सक्तवसुली संचालनालयाने छापे घातले. संगनमताने बोली भरणं हा 2002 च्या स्पर्धा कायद्याचाही भंग आहे. "माझी पण एक डमी भरून दे" असं मित्राने सांगितलं आणि एकाच सायबर कॅफेतून दोन्ही बोली गेल्या, तर खुणा सर्व्हरवर राहतात. एकाच बँकेच्या एकाच शाखेतून लागोपाठच्या क्रमांकाच्या डीडी, दोन अर्जांत शुद्धलेखनाच्या त्याच चुका, हे जुने पुरावेही अजून सापडतात.

सगळीच निवड मात्र कमीत कमी दराने होत नाही. सल्लागार नेमताना गुणवत्ता आणि किंमत यांना वजन देऊन बेरीज करतात. तांत्रिक सत्तर, आर्थिक तीस असं वजन आहे असं समजू. पहिल्या संस्थेला तांत्रिक गुण 90, फी 50 लाख. दुसरीला गुण 75, फी 40 लाख. सगळ्यात कमी फीला शंभर आर्थिक गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात, म्हणून पहिलीला 80. बेरीज : पहिली 63 अधिक 24, म्हणजे 87; दुसरी साडेबावन्न अधिक 30, म्हणजे साडेब्याऐंशी. दहा लाखांनी महाग असलेली जिंकते. हेच वजन उलटं, तीस-सत्तर केलं की पहिली 83 वर थांबते आणि दुसरी साडेब्याण्णववर जाते. केंद्राच्या नियमांत तांत्रिक वजन 80 टक्क्यांच्या वर नेता येत नाही. आणि ऑक्टोबर 2021 मध्ये कामांसाठीही ही पद्धत मर्यादित स्वरूपात खुली झाली, तिथे मर्यादा 30 टक्क्यांची. तेव्हा अशा निविदेत पहिल्यांदा वजनं वाचायची, मग ठरवायचं की मेहनत प्रस्तावाच्या मजकुरावर करायची की फीच्या आकड्यावर.

छोट्या उद्योगांसाठी एक सवलत आहे आणि ती वापरणारे अजून कमी आहेत. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती, रेल्वे आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रम यांनी 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. एल-वन मोठी कंपनी असेल आणि तुमचा दर तिच्यापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर तिच्या दराला यायची तयारी दाखवून तुम्हाला मागणीतला किमान चौथा हिस्सा मिळू शकतो. तिने शंभर रुपये भरले, तुम्ही एकशे बारा. शंभरला तयार झालात तर तुम्ही आत. बयाण्याचीही माफी आहे. उद्यम नोंदणी मात्र उत्पादक किंवा सेवा पुरवठादार म्हणून हवी. नुसत्या व्यापाऱ्याला हे लागू नाही.

आता वाळूजकडे. इथे लिफाफे नाहीत, पण चाळण्या आहेत. कंपनीकडून ड्रॉइंगसह कोटेशनची मागणी येते. छोटा कारखानदार बरेचदा खाली एकच आकडा लिहून पाठवतो : नग 92 रुपये. खरेदी अधिकाऱ्याला त्या आकड्याचं काहीच करता येत नाही. त्याला तुकडे हवे असतात : कच्च्या मालाचं एकूण वजन, तयार नगाचं वजन, भंगाराचे वजा होणारे पैसे, कोणत्या प्रेसवर किती ठोके, यंत्राचा तासाचा दर, प्लेटिंग, रिजेक्शन, वरखर्च, नफा, पॅकिंग, भाडं. पत्र्याचा भाव त्याला तुमच्याइतकाच माहीत असतो, कधीकधी पत्रा कंपनीच ठरवून दिलेल्या भावाने घ्यायला लावते. तो स्वतःचा हिशेब आधीच करून बसलेला असतो, आणि तुमच्या तुकड्यांत त्याच्याशी न जुळणारी जागा शोधतो. तासाला दोनशे नग निघतात असं त्याचं म्हणणं आणि तुम्ही एकशेवीस धरले असतील तर चर्चा तिथे होते, नफ्याच्या टक्क्यावर नाही. म्हणून यंत्रावर घड्याळ लावून घेतलेला सायकल टाइम हाताशी असलेला माणूस घासाघीशीत टिकतो.

दर जुळला तरी काम मिळालं असं नाही. कंपनीत खरेदी विभाग हो म्हणू शकतो, गुणवत्ता विभाग मात्र नाही म्हणू शकतो, आणि त्याच्या नाहीपुढे स्वस्त दर चालत नाही. त्यांची माणसं कारखाना पाहायला येतात तेव्हा रंगवलेली भिंत पाहत नाहीत. नाकारलेले नग लाल पेटीत वेगळे आहेत का, गेजवर कॅलिब्रेशनची तारीख आहे का, ऑपरेटरसमोर लावलेलं ड्रॉइंग ताज्या सुधारणेचं आहे की जुनं, हे पाहतात. आयएटीएफ 16949 चं प्रमाणपत्र दार उघडून देतं. आत काय दिसतं त्यावर गुण पडतात. मग नमुना नग आणि पीपीएपीची, म्हणजे सुट्या भागाच्या मंजुरीची, फाइल, आणि त्यानंतर दर महिन्याला दहा लाख नगांमागे किती खराब आले याची नोंद. दोन पैसे महाग पण वेळेवर माल देणारा पुरवठादार कंपनीला स्वस्त पडतो, कारण लाइन थांबल्याचा एका तासाचा तोटा वर्षभराच्या दोन-दोन पैशांतून भरून निघत नाही.

हिशेबात पैसे देण्याची मुदतही येते. एक कोटीच्या मालावर वार्षिक 12 टक्के व्याज धरलं तर तीस दिवसांची उधारी म्हणजे एक लाख रुपये, म्हणजे दराचा एक टक्का. साठ दिवस थांबणारा पुरवठादार तीस दिवसांत पैसे मागणाऱ्यापेक्षा कागदावर तेवढा स्वस्त दिसतो. पण सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 चा आहे, आणि तो सूक्ष्म व लघु उद्योगांना 45 दिवसांच्या आत पैसे द्यायला सांगतो. करारात जास्त लिहिलं तरी चालत नाही, उशिराला रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज लागतं. आयकर कायद्यात 43बी(एच) म्हणून आलेल्या तरतुदीमुळे 2023-24 या वर्षापासून मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेरीसही थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. तेव्हा कोटेशनच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांची अट स्पष्ट लिहा. "बघू, घ्या सवडीने" म्हणण्यात नाव मोठं होत नाही.

हरल्यावर मात्र विचारायला लाजू नका. तांत्रिक लिफाफ्यात बाद झालात तर कोणत्या अटीवर ते पोर्टलवरच्या तांत्रिक मूल्यांकनात लिहिलेलं असतं, आणि निविदेत आक्षेपाची मुदत असेल तर ती थोड्या दिवसांची असते. कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला फोन करून "आमचा कुठला रकाना जड झाला?" एवढंच विचारलं, तर तो दर सांगणार नाही, पण दिशा बहुधा सांगेल. महाटेंडर्सवर निकाल लागलेल्या निविदांत कोण पात्र ठरलं आणि कुणी काय दर भरला हे पाहता येतं. तुमच्या कामाच्या, तुमच्याच जिल्ह्यातल्या मागच्या दोन वर्षांच्या निविदा काढा, एल-वन ते एल-फोर दर एका वहीत उतरवा, आणि पुढची बोली त्या वहीशेजारी बसून भरा.